एक जूनवाल्यांची शाखा

इन्शुरन्सच्या ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत. आपण खुर्चीत बसून राहायचं, ते जिना चढून येतात. आजारी असताना माणूस लपवतो आणि बरा झाला की नको तेवढं सांगतो! माझ्याकडं एवढा साठा झालाय की परवा मैत्रिणी म्हणाल्या, बाई, लिहून काढ, नाहीतर विसरशील. विसरते कशाला? मी साताऱ्याची. आमच्याकडं माणूस जेवण विसरेल, अपमान विसरत नाही.

आणि आमच्या सांगली शाखेच्या नशिबी अपमान पहिल्या दिवसापासून होता. आमची आरोग्य विम्याची कंपनी आज एवढी मोठी आहे की क्रिकेट लावलं की दर ओव्हरला तिची जाहिरात. पण मी चिकटले तेव्हा मुंबईत एका जुनाट इमारतीत तिच्या चार खोल्या होत्या, आणि सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांना मिळून हळदीच्या गोदामावरची एक. मुंबईवाल्यांचं मत ठाम, त्या भागात कोण विमा घेणार? दर दोन-तीन वर्षांनी पत्र यायचं, 'सदर शाखा पुणे कार्यालयात विलीन का करू नये, याचा खुलासा करावा.'

शाखा बंद झाली असती तर माझं काही बिघडलं नसतं. पुण्यात एक खुर्ची मिळाली असती. बिघडलं असतं ते आकाराम सुभेदारांचं. हे आमचे पहिले एजंट. गाव मेढा, पलटणीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. मेढ्यापासून जतपर्यंत मोटारसायकल दामटून त्यांनी पॉलिस्या विकल्या त्या एकाच वाक्यावर, "आजारी पडलास तर मी हाय." जतच्या माळावर कंपनीला कुत्रं ओळखत नव्हतं, सुभेदारांना सगळे ओळखत होते. शाखा गेली की क्लेमसाठी माणसानं फोनवर एक दाबा, दोन दाबा करत बसायचं आणि सुभेदारांचा शब्द खोटा पडायचा. त्यांना धास्ती होती ती त्याची. म्हणून दर पत्राला आम्ही लढलो. आणि सांगते, दर वेळी जिंकलो!

*

पहिलं पत्र हळदीमुळं आलं. खाली गोदामात पोती हलली की वर आमच्याकडं पिवळा धुरळा. पंखा पिवळा, फायली पिवळ्या, माझी एक पांढरी साडी मी दोन महिन्यांनी पिवळी म्हणूनच नेसायला लागले. मुंबईनं ताशेरा मारला की शाखेतून जाणारी कागदपत्रं मळकी असतात, ग्राहकांवर वाईट परिणाम होतो. मी तेव्हा नवी क्लार्क. एकेक पॉलिसी फडक्यानं पुसत बसायचे. मधला भाग निघायचा, कोपरे काही निघायचे नाहीत.

ग्राहक बघावेत तर पॉलिसी हातात आली की आधी कपाळाला लावायचे. घरी गेल्यावर ती थेट देव्हाऱ्यात. तासगावच्या एका काकूंनी सुभेदारांना सांगितलं की तुमची कंपनी लय रीतीची, चार कोपऱ्यांना हळद लावून कागद देती, असं कोण करतं हल्ली? मी फडकं ठेवून दिलं. धंदा असा वाढला की पत्र आलं तसं परत गेलं, आणि वर आम्हाला एसीवालं नवं ऑफिस मिळालं.

नव्या ऑफिसातून पहिल्या पांढऱ्याशुभ्र पॉलिस्या गेल्या. आठवड्याच्या आत एक म्हातारबा तावातावानं जिना चढून आले आणि कागद माझ्या टेबलावर आपटला.

"कोपऱ्याला हळद न्हाई. ह्ये काय दहाव्याचं पत्र हाय व्हय?"

त्याच दुपारी मी बाजारातून हळद मागवली. स्टेशनरीच्या रजिस्टरात शाई, टाचण्या, डिंक आणि त्याखाली हळद. ऑडिटरनं भुवया वर केल्या, तेव्हा मी त्याला म्हटलं, तुमच्या लग्नाची पत्रिका डोळ्यांपुढं आणा. त्यानं टिक केली आणि पान उलटलं.

*

आमच्या धंद्यातला सगळ्यात अवघड प्रश्न म्हणजे 'आधीचा काही आजार?' मुंबईला वाटतं, फॉर्मवर विचारलं की माणूस लिहितो. आमच्याकडचा गडी कबूल करेल तर शपथ! काठी टेकत आलेला बाबासुद्धा सांगणार, मला काय धाड भरलीया. पुढं आजार लपवला म्हणून क्लेम अडकायचा आणि शिव्या खायला सुभेदार.

सुभेदारांनी यावर उपाय काढला. ते फॉर्म बाजूला ठेवायचे, चहाचा कप घ्यायचे आणि सहज विचारायचे, परवाच्या लग्नात जेवण कसं होतं? गडी सुरू व्हायचा. बुंदी चांगली हुती म्हणत्यात, पर आपण गोड खात न्हाई. सुभेदार लिहायचे, शुगर. आमटीला मीठ लय, डॉक्टरनं सोडाय सांगितलंय. लिहायचे, ब्लडप्रेशर. पंगतीत मांडी घालाय जमत न्हाई, खुर्चीवर बसलो. गुडघे! मग ते आतल्या खोलीकडं बघत थांबायचे. हमखास आतून मालकीणबाईंचा आवाज यायचा की जिना चढताना धाप लागती, ती बी लिवा.

आमच्याकडं आजार लपवल्याचे क्लेम जवळजवळ संपले. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी चौकशीला फोन केला की पॉलिसी देण्याआधी तुमची शाखा नेमकी कोणती तपासणी करते. फोन सुभेदारांनीच घेतला. सावधान उभं राहून म्हणाले, "लग्नाचं जेवण, सर."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

*

मग मुंबईनं नवा नियम काढला. पॉलिसीआधी कॉल सेंटरवरून फोन येणार, बोलणं रेकॉर्ड होणार, नवरा-बायकोनं एकमेकांचं नाव सांगायचं. नाही सांगितलं तर अर्ज बाद. जत तालुक्यातल्या बायकांचे अर्ज धडाधड बाद व्हायला लागले, कारण नवऱ्याचं नाव कोण घेणार? मुंबईनं निष्कर्ष काढला की या बायकांना नवरेच नाहीत, एजंट खोटी कुटुंबं उभी करतोय. सुभेदार दोन दिवस जेवले नाहीत.

जतकडं मायाप्पा म्हणून एक मेंढपाळ आहे, सुभेदारांचा जुना ग्राहक. त्याची बायको सुसाबाई. तिला फोन आला तेव्हा मी मुद्दाम तिच्या अंगणात जाऊन बसले होते. पलीकडची मुलगी गोड आवाजात पतीचं नाव विचारतेय, इकडं सुसाबाई लाजून लाल. दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. आता अर्ज रद्द होईल म्हणाली तशी मी वैतागले. म्हटलं, अगं बाई, हळदीकुंकवाला घालतेस तसा उखाणा घाल की! सुसाबाईनं पदर सारखा केला, फोन दोन्ही हातांत धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"बाजरीच्या भाकरीला तीळ लावते थापून,
मायाप्पांचं नाव घेते, पॉलिशी द्या छापून."

 पलीकडून पंधरा-वीस जणांच्या टाळ्या. त्या वर्षी जतच्या बायकांच्या पॉलिस्या उखाण्यावर निघाल्या, आणि कॉल सेंटरच्या पोरी म्हणे जतची यादी आली की हा नंबर मला दे म्हणून भांडायच्या.

*

एकदा मुंबईनं दाराशी एक मशीन बसवलं. त्यावर तीन तोंडं. हसरं, गप्प बसलेलं आणि रडणारं. जाताना ग्राहकानं एक दाबायचं, म्हणजे आमचं काम कसं चाललंय ते मुंबईला तिथल्या तिथं कळणार. महिन्याभरानं निकाल लागला, देशातली सगळ्यात रडकी शाखा सांगली. पाठोपाठ बंदचं पत्र.

माझं डोकंच फिरलं. एवढं मरमर मरून काम करायचं आणि ही माणसं रडकं तोंड दाबतात? मी खुर्ची उचलून मशीनशेजारीच जाऊन बसले. कवठेमहांकाळची एक बाई क्लेम मंजूर झाल्याचं पत्र घेऊन निघाली, मला नमस्कार केला आणि खुशाल रडकं तोंड दाबलं. मी तिला तिथंच धरलं. विचारलं, काय कमी पडलं तुला? ती बिचारी भांबावली. म्हणाली, तुमचं काय न्हाई ओ, पर आमचं माणूस अजून उठून बसंना.

लोक महिनाभर पेशंटची तब्येत कळवत होते! मी मुंबईला सविस्तर लिहिलं. कुणाचा विश्वास बसला, कुणाचा नाही, पत्र लटकतच राहिलं. तीन आठवड्यांनी तीच बाई परत आली. म्हटलं, आता काय काम काढलं? म्हणाली, काम काय न्हाई, यष्टीनं आले, आता मागारी जाणार. आणि दाराशी जाऊन तिनं हसरं तोंड दाबलं. चार वेळा.

पुढच्या महिन्यात अशी हसरी तोंडं दाबायला येणाऱ्यांनी जिना भरला आणि सांगली पहिली आली.

*

सबनीस साहेब हे मुंबईचे क्लेमवाले. माणूस सरळ, पण जन्म दादरला, त्यामुळं पाऊस म्हणजे छत्री एवढीच कल्पना. महाबळेश्वरच्या एका टॅक्सीवाल्याच्या बायकोचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी घरी सोडलं, पण तिचं गाव घाटाखाली आणि घाट दरड पडून बंद. बिचारी जास्तीचे दिवस दवाखान्यातच राहिली. साहेबांनी ते दिवस कापले. मी कारण कळवलं. त्यांनी उत्तर दिलं, घाट बंद हे वैद्यकीय कारण नाही.

मी काय गप्प बसते? लिहिलं, जुलैत महाबळेश्वरला स्वतः येऊन बघावं. ते खरंच आले! पांढरे बूट घालून, एका दिवसात तपासणी करून परतायच्या बेतानं. संध्याकाळी दरड पडली. साहेब चार दिवस लॉजवर, बूट वाळायला खिडकीत आणि अंगावर लॉजवाल्याचं स्वेटर.

महिन्याभरानं मुंबईच्या अकाउंट्सनं त्यांना विचारलं की एका दिवसाच्या कामाला चार दिवसांचं बिल कसं. त्यांच्या खुलाशाची प्रत आमच्याकडं आली. दोनच शब्द होते, 'घाट बंद.' मी ती प्रत टॅक्सीवाल्याच्या फाइलला टाचली आणि काही न लिहिता साहेबांकडं पाठवली. दुसऱ्या दिवशी क्लेम पास. तेव्हापासून साहेब आमच्याशी जपून वागतात.

*

आता हा गेल्या वर्षीचा.

कंपनीनं लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर आणलं. माणसापेक्षा हुशार म्हणे. त्यानं आमची शाखा उघडली आणि पहिल्याच दिवशी लाल करून टाकली. कारण काय, तर निम्म्या ग्राहकांचा जन्म एकाच तारखेचा, एक जून! आता यात तुम्हाला-मला काय नवीन? शाळेत घालताना तारीख कुणाला ठाऊक असायची? गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण, लिहा एक जून. पण ते यंत्राला कोण सांगणार? तारखा बनावट असल्याचा संशय, म्हणून एक जूनवाल्यांचे सगळे क्लेम थांबले. लबाडी ठरली तर या खेपेला खुलासाबिलासा काही नाही, शाखेला कुलूप.

नेमका त्याच आठवड्यात मायाप्पा मेंढरांमागं चालता चालता छाती धरून खाली बसला. मिरजेच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी सांगितलं, बायपास, उद्या सकाळीच करायला हवं. मायाप्पा एक जून. सुसाबाई एक जून. भाऊ एक जून. कंपनीचं उत्तर आलं, जन्माचा दुसरा पुरावा द्या, तोवर मंजुरी नाही.

सुसाबाईनं व्यापाऱ्याला निरोप धाडला. संध्याकाळपर्यंत मंजुरी नाही आली तर अख्खा कळप विकायचा. त्यांच्याकडं दुसरं होतंच काय? सुभेदार माझ्यासमोर टोपी मांडीवर घेऊन बसले होते.  मला रडू येत होतं आणि रागही.

"बाई, मी त्येला म्हटलं हुतं, मी हाय," ते म्हणाले. "आता कुठं हाय मी?"

मी सबनीस साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, चार वाजता व्हिडिओवर कमिटी बसतेय, मी तुमच्या बाजूनं बोलेन, पण मला काहीतरी पुरावा द्या. आता पुरावा कुठला? शाळेत एक जूनच. ग्रामपंचायतीत काहीच नाही, कारण मायाप्पा गावात जन्मलाच नव्हता. मी फोन ठेवला तर सुभेदार टोपी चढवून जिन्यापाशी पोचले होते. म्हणाले, मिरजेस्नं आलोच.

चारला पाच मिनिटं कमी असताना ते एका म्हातारीला हाताला धरून वर घेऊन आले. तायव्वा. मायाप्पाची आई. सकाळपासून दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होती. कपाळाला भंडारा, हातात काठी. मी तिला माझ्या खुर्चीत बसवलं आणि लॅपटॉप तिच्याकडं फिरवला. स्क्रीनवर सहा चौकोन, पाच साहेब आणि खाली कोपऱ्यात कंपनीच्या मोठ्या मॅडम, माईक बंद करून बसलेल्या.

एका साहेबांनी विचारलं, आजी, मुलाचा जन्म कधीचा?

"मेंढरं घेऊन आमी कऱ्हाडाकडं उतरलो हुतो," तायव्वानं सुरू केलं. "दिवाळी हून गेलती. हरभरा गुडघ्याएवढा हुता."

 हरभरा गुडघ्याएवढा म्हणजे थंडी. बाईनं पहिल्याच वाक्यात एक जून खोटा पाडला! मी सुभेदारांकडं बघितलं. ते डोळे मिटून उभे.

तायव्वाचं चालूच. एका शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवली होती. पहाटे कळा सुरू झाल्या. शेतमालकाची बायको गरम पाणी आणि जुनं लुगडं घेऊन धावत आली. उजाडताना मायाप्पा झाला. त्याच वेळी कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या मेंढीला जुळी कोकरं झाली. मायाप्पाचा बाप आधी कोकरं बघायला गेला आणि मग पोरगं. दुसऱ्या दिवशी मेंढरांचा वाडा हलला. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर बांधलेलं पोर आणि ही मागनं चालत. किती कोस चालली, कुठल्या ओढ्याला पाणी प्याली, सगळं सांगितलं. फक्त तारीख नाही.

साहेब म्हणाले, ते ठीक आहे आजी, पण कागदावर एक जून आहे. ती म्हणाली, ती मास्तराची तारीख, माझी न्हाई. साहेबांनी परत विचारलं, मग तुमची तारीख कोणती? दिवस, महिना, साल?

तायव्वानं मान वळवून मला हळूच विचारलं, ह्यात बाईमाणूस हाय का कोण? मी कोपऱ्यातला चौकोन दाखवला. तिनं काठी मांडीवर आडवी ठेवली.

"तिला इचारू द्या. पोर जिनं जलमाला घातलंय, तिनं इचारावं मला तारीख."

 खालच्या चौकोनातला माईक चालू झाला.  मॅडमनी विचारलं,

"दोन्ही कोकरं जगली का, आजी?"

"जगली की," तायव्वा म्हणाली. "आज संध्याकाळी इकायची हायती, ती समदी त्यांचीच पिल्लावळ."

मॅडमनी चष्मा काढला आणि खाली ठेवला.

"सबनीस, मंजूर करा. हा क्लेम, आणि एक जूनचे सगळे."